बस धुवून ठेवते

मंगळवार, १४ ऑगस्ट

प्रिय सेफो,

आज पहाटे उजाडायच्या आत गाव माझ्या अंगणात येऊन बसलं. वारा होता, पाऊस नव्हता. ऊन डोक्यावर येईपर्यंत लोक बसून होते. मग मी चटई उचलली, सगळ्यांना घरात घेतलं, मोठ्या पातेल्यात कोको उकळला, उकडलेले अळूचे गड्डे वाढले. दुपार कलल्यावर सगळे आपापल्या घरी गेले. आजच्या दिवसात झालं ते एवढंच.

वर ‘प्रिय’ लिहिलं आहे, कारण पत्राची सुरुवात तशी करायची असं मी इतकी वर्षं शाळेत मुलांना शिकवलं. दुसरं काही त्यात शोधू नकोस. उद्या राजधानीत, अपियाच्या कोर्टात मला एकच गोष्ट विचारणार आहेत, की माझ्या दारात चटई आली होती का आणि मी ती उचलली का. हो म्हटलं तर माझ्या नवऱ्याच्या, पेसामिनोच्या मरणाबद्दल तुझ्यावर लावलेला गुन्हा हलका होतो. नाही म्हटलं तर होत नाही. आज इथे काय झालं ते तुला चार जण चार प्रकारे सांगतील. म्हणून मी सांगते. मला वाढवून सांगायची सवय नाही, हे तुला ठाऊक आहे.

सकाळपासून मला आपलं तळं आठवत होतं. किनाऱ्याजवळचं, गोड्या पाण्याचं. तू लहान होतास, आणि सगळ्या पोरांच्या गर्दीत तुला पोहायला जागा मिळायची नाही. एक दिवस तू आईचं लाल कापड झाडाच्या फांदीला बांधलंस आणि पोरांना सांगितलंस की पाण्यातली बाई आली आहे, मोकळे केस दिसले की ओढून नेते. पोरं पळाली. तळं तुला एकट्याला मिळालं. कापड बांधताना मी तुला पाहिलं होतं, म्हणून मी पळाले नाही. गंमत पुढेच झाली. रिकाम्या तळ्यात एकट्याने उतरायची तुलाच भीती वाटायला लागली. मग तू मला काठावर बसवायचास. ‘ताई, जाऊ नकोस हं,’ म्हणत डुबक्या मारायचास. तासन्‌तास मी तिथे दगडावर बसून राहायची. मला तेव्हा ते हसण्यासारखं वाटायचं.

बाबांची गावप्रमुखाची पदवी तुझ्याकडे आल्यावर तू पुन्हा तेच कापड बांधलंस. पहिल्या सभेत सांगितलंस, शेजारच्या गावाचा आपल्या किनाऱ्यावर डोळा आहे. पुढच्या सभेत ते रात्रीचे येणार होते. त्याच्या पुढच्या सभेत घरं जाळणार होते. दर सभेला ते थोडे जवळ येत गेले आणि आले मात्र कधीच नाहीत. बाजारात त्यांच्या गावच्या बायका माझ्या शेजारी बसून केळी विकतात. त्यांना मी विचारलं तर म्हणाल्या, ‘इश्श, आमच्याकडे तर सांगतात तुम्ही येणार आहात! आमचे पुरुष झोपत नाहीत.’ दोन्ही गावांचे पुरुष जागे, आणि किनाऱ्यावर फक्त खेकडे.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा टोला पूर्वीही होता. गॅसच्या रिकाम्या टाकीवर लोखंडाने टोला पडला की माणसं घरात बसायची, एखादं स्तोत्र म्हणायची, पुन्हा टोला पडला की उठायची. बाबांच्या वेळी तेवढ्यात चुलीवरचं भांडंही करपत नसे. तू दोन टोल्यांमधला वेळ वाढवत नेलास. मधल्या वेळात कुणी रस्त्यावर दिसलं की डुक्कर दंड, नाहीतर मासळीच्या डब्यांचं खोकं. तरण्या पोरांना काठ्या देऊन रस्त्याच्या कडेला उभं केलंस, गावाच्या राखणीला म्हणून. माझ्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब आणि पडदे, मला सगळं दिसतं. ते राखणदार शेजारच्या गावाकडे पाठ करून उभे असायचे. तोंडं आमच्या घरांकडे.

मग तू सांगितलंस की किनारा सगळ्यांचा राहिला तर वाचणार नाही, एका नावावर असला तर वाचेल. ते एक नाव कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. सभेत सगळ्यात मागच्या खांबाला टेकून पेसामिनो बसला होता. त्याच्या लहानशा पदवीला तीच जागा. तो म्हणाला, ‘प्रमुख, ते लोक जाळायला येणार ती तारीख एकदा कळली तर बरं होईल. पाहुणे येणार म्हणजे मला बस धुवून ठेवायला हवी.’

सभा हसली. म्हातारे खोकेपर्यंत हसले. तूसुद्धा हसलास, असं तो मला सांगत होता. पण तुझं हसणं आधी थांबलं आणि मग तू एकेकाकडे पाहत राहिलास, कोण अजून हसतंय ते. घरी आल्यावर तो म्हणाला, ‘फुआतिनो, आज मी मेव्हण्याला घाबरवलं वाटतं.’ मी म्हटलं, एका वाक्याने कोण घाबरतं? तो म्हणाला, ‘वाक्याने नाही गं. ते हसले ना, त्याने.’

दुसऱ्या दिवशी फर्मान आलं की पेसामिनोच्या बसमध्ये कुणी चढायचं नाही.

तू त्या दिवसांत मोटारीच्या काळ्या काचेमागून जायचास, म्हणून तुला हे माहीत नसेल. तो रोज पहाटे उठून बस काढायचा. निळी बस, लाकडी बाकं, समोर कागदी फुलांची माळ, गाणी मोठ्याने लावलेली. कधीकाळी त्या बसमध्ये बायका एकमेकींच्या मांडीवर बसून बाजाराला जायच्या, वर कोंबड्या आणि नारळ. आता तो प्रत्येक ठिकाणी थांबायचा आणि म्हणायचा, ‘चला, बसा, आज खिडकी मिळेल.’ आणि ज्यांना त्याने शाळेत पोचवलं, लग्नाला नेलं, ज्यांच्या बाळंतिणी घरी आणल्या, ती माणसं डोक्यावर पाटी घेऊन उन्हात चालत राहायची आणि झाडं बघायची. बसची गाणी ऐकू येऊ नयेत म्हणून काही जण आपसात मोठ्याने बोलायचे. तो रिकामी बस अपियापर्यंत न्यायचा आणि रिकामी परत आणायचा. मी म्हटलं, इंधन वाया घालवू नकोस. तर म्हणाला, ‘मी थांबलो नाही, तर ते चढले नाहीत हे कसं कळणार?’

फक्त म्हातारी ताउताला चढली. तिचा तो सुजलेला पाय, ती चालणार कशी? लोक तिला म्हणाले, म्हातारे, प्रमुखांची भीती वाटत नाही का? ती म्हणाली, ‘पायाची वाटते. पाय रोज दुखतो, प्रमुख अधूनमधून.’ हे तिचं बोलणं बाजारभर झालं, तुझ्यापर्यंतही आलं असणार. त्याच संध्याकाळी, दोन टोल्यांच्या मध्ये, तुझ्या राखणदारांनी तिची डुकरं काठीने मारली आणि पत्र्यावर दगड टाकले. सगळं गाव स्तोत्र म्हणत होतं. डुकरं ओरडायला लागली तसा गावाचा आवाज चढला. मीही घरात बसून स्तोत्र म्हणत होते, आणि मीही ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पेसामिनो तिच्या दारात थांबला नाही. समोर बघत बस पुढे काढली. ती रस्त्यापर्यंत लंगडत येऊन ओरडत होती, ‘अरे थांब मेल्या! डुकरं गेली, आता मला कसली भीती?’ तो थांबला नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. त्यानंतर त्याने बस अंगणात फणसाच्या झाडाखाली लावली ती लावलीच. सेफो, तू त्याला भीती घालू शकला नव्हतास. त्याच्यामुळे दुसऱ्याला त्रास होईल ही भीती मात्र तुला घालता आली. हे तू कुठे शिकलास? आपल्या बाबांकडे तर हे नव्हतं.

ती संध्याकाळ कोर्टात सगळे सांगतील, तरी मी सांगते. पहिला टोला पडून गेला होता. त्याने छातीवर हात दाबला आणि घामाने भिजला. मी दवाखान्यात फोन केला. गाडी निघते म्हणाले, पण वाट लांबची. बस अंगणात होती. मी त्याला धरून बसपर्यंत नेलं. चालकाच्या जागेवर त्याला बसता येईना, म्हणून मागच्या बाकावर बसवलं. मला चालवता येत नाही. मी हॉर्नवर हात ठेवला आणि काढला नाही. शेजारच्या घरात झावळ्यांचे पडदे खाली आले. मग त्याच्या पलीकडच्या. ओळीने, हॉर्नचा आवाज जाईल तिथपर्यंत पडदे पडत गेले.

रस्त्यावर लाफाएले उभा होता, काठी घेऊन. नणंदेचा मुलगा. त्याला बस चालवायला पेसामिनोनेच शिकवलं. मी म्हटलं, ‘लाफाएले, ये. मामाला बरं नाही.’ तो बसच्या दारापर्यंत आला, आत बघितलं, आणि म्हणाला, ‘मामी, प्रमुखांना विचारून येतो. लगेच आलो.’ तो धावत तुझ्या घरी गेला. तू निरोप दिलास, प्रार्थना चालू आहे, झाल्यावर बघू. तुझ्या घरातलं स्तोत्र मला बसमध्ये ऐकू येत होतं. तू सगळी कडवी म्हटलीस. एरवी तू दोन म्हणतोस.

पेसामिनो मागच्या बाकावर टेकून होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू ती जागा त्याने कधी पाहिलीच नव्हती. म्हणाला, ‘फुआ, बघ, बसला एक प्रवासी मिळाला. तोही फुकट्या.’ त्यानंतर तो काही बोलला नाही. दुसरा टोला पडला, लाफाएले पळत आला, चालकाच्या जागेवर बसला, किल्ली फिरवली. मी म्हटलं, आता राहू दे.

त्याला घरापुढे पुरलं, बसच्या बाजूला. मातीला माझी मुलगी ऑकलंडहून आली, ताउताला आली. गावातलं दुसरं कुणी आलं नाही. तू पांढरी फुलं पाठवलीस. ती मी गाईला घातली. तिनेही खाल्ली नाहीत.

आता आजचं. पहाटे जाग आली तर अंगण भरलेलं. सगळे डोकं खाली घालून, अंगावर चटया ओढून, थडग्याच्या दोन्ही बाजूंना बसलेले. सगळ्यात पुढे एकजण, नखशिखान्त झाकलेला, आणि त्याच्यावर आईची चटई. तिची काठाची लाल पिसं मी अंधारातही ओळखली. ती आईने विणली तेव्हा मी तिच्यासाठी पानं सोलत असे. ती माझ्याकडे यायला हवी होती, ते असो. नियम आपल्याला बाबांनीच शिकवले. ज्याच्याकडून माणूस गेला त्याने मानाची चटई पांघरून दुखावलेल्याच्या दारात बसायचं. उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं, आणि आतून कुणी कोयता घेऊन आलं तरी हलायचं नाही. चटईखाली माणूस आपला जीव दुसऱ्याच्या हातात देतो. म्हणून तर त्याला मान.

मी खांबाशी बसून राहिले. उठले नाही. ऊन आलं. तुझ्या वतीने बोलणारा वक्ता काठी टेकून उभा राहिला आणि भाषण करू लागला. तोंडं दिसत नव्हती, म्हणून मी पाय बघत होते. गावाचे पाय मला ओळखू येतात, सगळे माझ्या वर्गात अनवाणी बसलेले. हे पडदा पाडणाऱ्या शेजारणीचे, हे डुकरं मारणाऱ्यांचे. आणि कडेला, एका फाटक्या चटईखाली, तो सुजलेला पाय.

मी उठून तिच्याजवळ गेले. अजून चटई उचलली नसताना असं बाहेर जाऊ नये, हे मला कळत होतं. वक्ता थांबला. मी खाली बसून विचारलं, ‘ताउताला, तू कशाला बसलीस गं? तुझा काय गुन्हा?’ चटईखालून ती म्हणाली, ‘जो बसणार नाही त्याचं छप्पर नेऊ म्हणालेत. डुकरं तर नेलीच. आता हा पाय तेवढा उरलाय, तो म्हणावं न्या, मी वाट बघतेय.’ शेजारच्या दोन चटया हलल्या. हसू दाबत होत्या.

तेव्हा मला कळलं की माफीसुद्धा तू काठीनेच आणली आहेस. मी ठरवलं होतं, संध्याकाळपर्यंत तुला तसंच ठेवायचं. पण तुझ्याबरोबर ती म्हातारी उन्हात राहिली असती. म्हणून मी पुढे गेले. वक्ता पुन्हा सुरू झाला होता, ‘आमचे प्रमुख, ज्यांच्या शब्दाने समुद्र मागे सरतो, ते आज मातीत कपाळ टेकून…’ मी आईच्या चटईचा काठ धरला. तुला म्हणायचं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते काय होतं, हे आता तुला कधीच कळणार नाही.

कारण खाली लाफाएले होता.

घामाने भिजलेला, डोळे मिटलेले. म्हणाला, ‘मामी, डोकं वर करू नकोस असं प्रमुख म्हणाले होते.’ वक्त्याचं तोंड उघडं राहिलं. आणि मागून ताउतालाचा आवाज आला, तिने आपली चटई फेकून दिली होती, ‘अगं बाई! एका सकाळीत प्रमुख केवढे तरणे झाले! मलाही द्या गं ती चटई!’

आधी एक जण हसला. मग अंगण हसलं. चटया गळून पडल्या, म्हातारे एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते, शेजारीण हसता हसता रडायला लागली आणि माझ्या पायांशी आली. लाफाएलेसुद्धा रडत हसला. तो त्याच्या वाट्याचं बसला होता, आणि वर तुझ्या वाट्याचंही. त्याला मी उठवलं. त्याला माफ केलं, त्या सगळ्यांना माफ केलं. तू हे हसणं ऐकलंस का? तू घरातच होतास, लाफाएले म्हणाला. पडदे पाडून. ‘ती कोयता घेऊन येईल,’ असं तू त्याला म्हणालास म्हणे. मी, सेफो. आपल्याकडे बहीण भावाच्या डोळ्यातलं बुबुळ असते, आणि तुला वाटलं ती कोयता घेऊन येईल. तळं रिकामं केलंस, आणि आत उतरायला पुन्हा घाबरलास. आता काठावर मी बसणार नाही.

हे पत्र लाफाएले घेऊन येईल. ते लिहिलं ते एवढ्यासाठी, की उद्याचं तुला दुसऱ्याकडून कळू नये. कोर्टात मला विचारतील तेव्हा मी सांगेन की चटई आली होती, मी उचलली, आणि खाली माझा भाऊ नव्हता. आईची चटई आता माझ्याकडे राहील. साक्ष द्यायला सगळ्यांनाच यायचं आहे, किनाऱ्याच्या सह्यांबद्दलही त्यांना बोलायचं आहे, त्यामुळे बस निघणार आहे. लाफाएले चालवेल. लोक एकमेकांच्या मांडीवर बसतील. कोर्टाने तुलाही बोलावलं आहे. तुझ्या दारात बस थांबेल, मी त्याला सांगून ठेवलं आहे. पेसामिनो थांबला असता. कुणी तुला दगड मारणार नाही, त्याची काळजी करू नकोस. चढायचं की झाडं बघत चालायचं, ते तू ठरव.

संध्याकाळचा टोला आज कुणी दिलाच नाही. शेजारीण मदतीला येते म्हणाली, तिला मी नको म्हटलं. अजून थोडा उजेड आहे. बाकांवर फणसाची पानं साचली आहेत, मागच्या बाकावर सगळ्यात जास्त. बादली भरून ठेवली आहे. आता मी बस धुवायला जाते.

तुझीच, कारण ते मला बदलता येत नाही,
फुआतिनो